एक्सएमएल जुनं झालं म्हणतात, मग मी शिकू की नको?

ताई, नमस्कार.
मी नागपूरच्या इतवारीत मसाल्याच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, सांभाळते. शिक्षण बीकॉम. मागच्या वर्षी संध्याकाळच्या क्लासला पायथॉन शिकले. लूप, फंक्शन, फाइल वाचणं-लिहिणं इथपर्यंत जमतं. दुकानाची वेबसाइट एका मुलाने बनवून दिली आहे. तिच्यावर वर्धा, भंडारा, छिंदवाड्याहून ऑर्डरी येतात आणि मी त्या प्रिंट काढून हाताने टॅलीत चढवते. कुणीतरी सांगितलं की टॅलीला एक्सएमएल पाठवलं की एन्ट्री आपोआप होते. आमचे मालक भैयाजी म्हणतात, ‘तूच कर, पगार वाढवतो.’ बर्डीवरचा क्लासवाला म्हणतो, एक्सएमएल आउटडेटेड झालं, आमचा जावा फुल स्टॅक घ्या, फी ४५ हजार. इंजिनियर मावसभाऊ तर हसूनच राहिला: एक्सएमएलवरच्या त्या जुन्या पद्धती, सोप आणि डब्ल्यूएसडीएल, आता कोण वापरतं? यूट्यूबवर बघितलं, पण नेमस्पेस आणि स्कीमा आले की डोकं बंद पडतं. वेब सर्व्हिस बनवायला मी नेमकं काय शिकू, कुठून सुरू करू? जावा की पायथॉन?
— एक वाचक, मानेवाडा

तुझा मावसभाऊ निम्मा बरोबर आहे. आज कुणी नवी वेबसाइट किंवा मोबाइल ॲप करायला बसलं तर दोन सर्व्हरांमधलं बोलणं बहुधा जेसन या दुसऱ्या, आटोपशीर साच्यातच होतं. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस जेसनमध्ये जातं. आयकर विवरणपत्राची फाइल आधी एक्सएमएल असायची, २०२१-२२ या कर-निर्धारण वर्षापासून तीही जेसन झाली. तुमच्या सीएंना ते चांगलं आठवत असेल.

आता उरलेला निम्मा. तू चहावाल्याला यूपीआयने दहा रुपये देतेस तेव्हा बँक आणि यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय यांच्यात जो संदेश धावतो तो डिजिटल सही केलेला एक्सएमएल असतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये नवीन आरटीजीएस सुरू केलं ते आयएसओ २००२२ या बँक-संदेशांच्या मानकावर, तिथेही संदेश एक्सएमएलचेच. वर्डच्या डॉक्स फाइलचं नाव बदलून झिप कर आणि उघड, आत एक्सएमएलचा ढीग दिसेल. आणि तू दिवसभर जिच्यासमोर बसतेस ती टॅली. तेव्हा मावसभावाला हसू दे. तुला त्याच्याशी वाद जिंकायचा नाही, ऑर्डर टॅलीत घालायची आहे.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. बहुतेक क्लास आणि व्हिडिओ उलट्या टोकाने शिकवतात: ही लायब्ररी बसवा, हे बटन दाबा, कोड तयार. चाललं तोवर छान. अडलं की मुलांना सांगताच येत नाही की आपण समोरच्याला नेमकं काय पाठवलं आणि त्याने काय परत केलं. म्हणून आधी एक संदेश स्वतःच्या हाताने लिही, पाठव आणि आलेलं उत्तर अक्षर न अक्षर वाच. कोड त्यानंतर. वेब सर्व्हिस म्हणजे तरी काय, एका प्रोग्रामने दुसऱ्याला एचटीटीपीवरून, म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइट ज्या पद्धतीने बोलतात तिने, मजकूर पाठवायचा आणि दुसऱ्याने ठरलेल्या साच्यात उत्तर द्यायचं. एक्सएमएल हा त्या मजकुराचा साचा. १९९८ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तो पक्का केला, आणि त्याचे नियम एका दुपारी वाचून होतात.

साचा कसा दिसतो ते तुमच्याच दुकानातल्या मालावर बघ:

<ऑर्डर क्रमांक="१०४२">
  <ग्राहक>अमुक ट्रेडर्स, वर्धा</ग्राहक>
  <माल एकक="किलो">
    <नाव>भिवापुरी मिरची</नाव>
    <वजन>२०</वजन>
    <दर>२००</दर>
  </माल>
</ऑर्डर>

टॅग मराठीत बघून दचकू नको. एक्सएमएलला देवनागरी नावं चालतात, वरचा तुकडा कुठलाही पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम, मुकाट्याने वाचेल. उघडलेला प्रत्येक टॅग बंद व्हायला हवा, आतला आधी आणि बाहेरचा नंतर. सगळ्यांना पोटात घेणारा मूळ टॅग एकच. ‘क्रमांक’ आणि ‘एकक’ हे गुणधर्म, म्हणजे ॲट्रिब्यूट, आणि त्यांच्या किमती अवतरणात. पाया एवढाच.

आता याच तुकड्यातून स्कीमा समजून घे, म्हणजे डोकं बंद पडणार नाही. वरचं एक्सएमएल रचनेने शुद्ध आहे, पण ‘वजन’मध्ये कुणी ‘वीस किलो द्या बापा’ असं लिहिलं तरी ते शुद्धच राहील. वजनात आकडाच हवा, दर शून्याहून मोठा हवा, ग्राहकाचं नाव एकदाच यावं, हे सगळं लिहून ठेवलेली वेगळी फाइल म्हणजे स्कीमा. गंमत अशी की मी वर देवनागरी आकडे लिहिलेत तेही स्कीमा नाकारेल. पूर्णांकाच्या प्रकाराला फक्त इंग्रजी अंक चालतात. उलट पायथॉनचं ‘इंट’ फंक्शन देवनागरी ‘२०’ हसत घेतं. म्हणजे तुझ्या संगणकावर जे चाललं ते पलीकडे अडू शकतं. फोनच्या मराठी कीबोर्डवरून ऑर्डर भरणारा गिऱ्हाईक हे कधीतरी करणारच, तेव्हा अंक आत घेतानाच बदलून घे.

नेमस्पेस त्याहून सोपं आहे. ऑर्डरीत ‘दर’ म्हणजे मिरचीचा भाव, ट्रान्स्पोर्टवाल्याच्या फायलीत ‘दर’ म्हणजे क्विंटलमागचं भाडं. दोन्ही एकाच संदेशात आले तर? नागपुरात ‘पाटील सर’ म्हटलं की ‘कुठले पाटील?’ असं विचारावंच लागतं, तसंच हे. ‘कुठले’ याचं उत्तर म्हणून टॅगला एक लांबलचक पत्ता जोडतात. तो दिसायला वेबसाइटचा असतो, पण ब्राउझरमध्ये उघडायचा नसतो आणि उघडला तरी बऱ्याचदा तिथे काहीच नसतं. ती फक्त ओळख. ज्या दिवशी तुझा प्रोग्राम समोर ढळढळीत दिसणारा टॅग ‘सापडला नाही’ म्हणेल, त्या दिवशी मूळ टॅगमध्ये नेमस्पेस लिहिला आहे का ते आधी बघ. दहातल्या नऊ वेळा शोधताना तू नुसतं नाव दिलेलं असतं, पत्त्यासकट दिलेलं नसतं.

टॅलीकडे येऊ. घरी किंवा दुसऱ्या संगणकावर टॅलीप्राइम टाक. लायसन्स नसेल तर ते एज्युकेशनल मोडमध्ये चालतं; महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करू देतं, पण सरावाला तेवढं पुष्कळ झालं. खोटी कंपनी उघड. दुकानाच्या खऱ्या कंपनीला हात लावू नको, आणि पुढे लावशील तेव्हा आधी बॅकअप. मग एफ-वन दाबून सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटी, तिथे क्लायंट-सर्व्हर कॉन्फिगरेशनमध्ये टॅलीप्राइम ‘बोथ’ म्हणून चालू दे आणि पोर्ट, म्हणजे संदेश आत यायच्या दाराचा नंबर, ९००० ठेव. त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे ‘हाच संगणक’), विसर्गासारखी दोन टिंबं आणि ९००० टाक. टॅलीप्राइम सर्व्हर चालू आहे, असं एका ओळीचं उत्तर येईल. हे उत्तर ब्राउझर तुला नीट मांडून दाखवतो म्हणून लक्षात येत नाही, पण तेही एक्सएमएलच आहे. तुझी टॅली आत्ताच एक वेब सर्व्हिस आहे. तुला तिच्याशी बोलायला शिकायचंय.

ती काय बोलते हे तिच्याकडूनच शीक. खोट्या कंपनीत एक विक्रीचं व्हाउचर हाताने कर. स्टॉक आयटम न लावता, नुसत्या खात्यांचं. मग डे बुक उघड, ऑल्ट-ई दाबून एक्स्पोर्ट कर, फॉरमॅट एक्सएमएल निवड आणि फाइल साध्या एडिटरमध्ये उघड. पहिल्या नजरेत घाबरशील, एवढ्याशा व्हाउचरसाठी टॅगची रांग लागलेली असते आणि कित्येक टॅगांच्या नावात टिंब असतं. चालतं, टिंब नियमात बसतं. त्यातली बरीच रिकामी किंवा ‘नो’ अशी असतात. कामाची चार-पाच आहेत: तारीख, व्हाउचरचा प्रकार, पार्टीचं नाव आणि खात्यांच्या ओळी. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ आकड्यांत, मध्ये रेघ नाही.

खात्यांच्या ओळींपाशी तुझं बीकॉम कामाला येतं. २० किलो मिरची २०० च्या भावाने, म्हणजे विक्री ४००० रुपये. वाळलेल्या मिरचीवर ५ टक्के जीएसटी, गिऱ्हाईक वर्ध्याचं, म्हणून सीजीएसटी १०० आणि एसजीएसटी १००. पार्टीच्या नावे ४२०० रुपये. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावेची रक्कम उणे लिहितात आणि तिच्यासोबत ‘इज डीम्ड पॉझिटिव्ह’ या टॅगमध्ये ‘येस’ येतं. जमेची रक्कम अधिक, तिथे ‘नो’. म्हणजे उणे ४२००, अधिक ४०००, अधिक १००, अधिक १००. बेरीज शून्य. शून्य आली नाही तर टॅली व्हाउचरची बेरीज जुळत नाही म्हणून परत करते. नुसता प्रोग्रामर इथे तास-दोन तास घालवतो, उणे रक्कम पॉझिटिव्ह कशी, म्हणून. तुला नावे-जमा कळतं, तुझं काम पाच मिनिटांचं. छिंदवाड्याचं गिऱ्हाईक असेल तर राज्य बदललं, आयजीएसटीची एकच २०० ची ओळ. हेही तुला कुणी सांगायला नको.

पैशांच्या हिशेबात पायथॉनचे साधे दशांश वापरू नको. ०.१ अधिक ०.२ विचार, ते ०.३ नंतर शून्यांची माळ लावून शेवटी ४ दाखवतं. असल्या एका पैशाच्या फरकाने व्हाउचर अडतं. भाषेसोबतच ‘डेसिमल’ नावाचं मॉड्यूल येतं, रक्कम कायम त्यातच धर.

आता एक्स्पोर्ट केलेल्या फायलीतून नको ते टॅग छाटून, रक्कम बदलून, हाताने एचटीटीपी संदेश पाठवू देणाऱ्या पोस्टमनसारख्या टूलने ती पोर्ट ९००० ला पोस्ट कर, म्हणजे पाठव. बाहेरचं एन्व्हलप, आत हेडर आणि बॉडी. हेडरमध्ये इम्पोर्ट करायचंय हे सांगायचं. कंपनी टॅलीत उघडी असायला हवी. उत्तरात ‘क्रिएटेड’ टॅगमध्ये १ आणि ‘एरर्स’मध्ये ० आलं की व्हाउचर झालं. खात्याचं नाव टॅलीत नसेल तर ‘लाइन एरर’मध्ये अमुक लेजर अस्तित्वात नाही, असं स्वच्छ लिहून येतं. हे मुद्दाम करून बघ. बेरीज चुकव, खोटं खातं दे, एक टॅग बंद करायचा ठेव. उत्तर चुकीचं असतानाही एचटीटीपीचा कोड २०० च, म्हणजे ‘ठीक’, येतो हे लक्षात ठेव. पोस्टमनमधला हिरवा २०० बघून पोरं खूश होतात आणि टॅलीत काहीच नसतं. पोचपावती कोडमध्ये नाही, आतल्या मजकुरात शोधायची.

इथवर एक ओळही कोड लिहिलेला नाही, आणि खरं सांगायचं तर कठीण भाग संपलाय.

कोडला बसलीस की पहिला मोह होईल तो एक्सएमएल तुकडे जोडून तयार करायचा: टॅग, अधिक ग्राहकाचं नाव, अधिक बंद टॅग. पहिल्या आठवड्यात चालेल. मग ‘अमुक & सन्स’ नावाची पार्टी येईल आणि सगळं कोसळेल, कारण मधली ती & खूण एक्सएमएलमध्ये राखीव आहे. तिच्या जागी तीच खूण, पुढे इंग्रजी ए, एम, पी आणि अर्धविराम, अशी पाच अक्षरं लिहावी लागतात. इतवारी-गांधीबागेत निम्म्या पाट्यांवर ‘अँड सन्स’ नाहीतर ‘अँड ब्रदर्स’ आहे, तेव्हा ही वेळ येणारच. पायथॉनसोबत येणाऱ्या एलिमेंटट्री या मॉड्यूलकडून टॅगांचं झाड बांधून घे, ते ही बदलाबदल स्वतः करतं. पाठवताना मजकूर यूटीएफ-८ मध्ये बाइट्स करून पाठव, नाहीतर मराठी नावांशी गडबड होऊ शकते. आणि एक्सएमएलची घोषणा करणारी ओळ लिहिलीस तर ती फायलीच्या अगदी पहिल्या अक्षरापासून हवी. पायथॉनमध्ये तिहेरी अवतरण उघडून खालच्या ओळीवर लिहायची सवय असते. तिथे पहिलं अक्षर नवी ओळ होतं आणि पार्सर तक्रार करतो.

टॅलीकडून डेटा वाचायला जाशील तेव्हा आणखी एक खड्डा आहे. तो कुठल्या क्लासमध्ये सांगत नाहीत. टॅली काही ठिकाणी, उदाहरणार्थ ‘नॉट ॲप्लिकेबल’च्या आधी, ४ क्रमांकाच्या नियंत्रण-अक्षराचा संदर्भ लिहिते: & खूण, हॅश, चार, अर्धविराम. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालची फक्त तीन अक्षरं चालतात, ९, १० आणि १३, म्हणजे टॅब आणि ओळ बदलण्याची दोन. चार नंबर चालत नाही. त्यामुळे एलिमेंटट्री ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर नंबर’ म्हणून थांबतं आणि आपण आपलाच कोड उलटापालटा करत बसतो. उपाय एका ओळीचा: पार्सरला देण्याआधी तो तुकडा मजकुरातून काढून टाक.

रचनेचं सांगते, कारण इथे चुकलं तर महागात पडतं. वेबसाइट बाहेरच्या सर्व्हरवर, टॅली दुकानातल्या संगणकावर. कुणीतरी सल्ला देईल की राउटरमधून ९००० पोर्ट बाहेर उघडून दे, वेबसाइट थेट टॅलीला पाठवेल. अजिबात करू नको. तो पोर्ट दुकानाच्या आतल्या वापरासाठी आहे, अख्ख्या इंटरनेटसमोर हिशेबाची वही उघडी टाकायची नसते. उलटं कर. वेबसाइटवर एक छोटी सर्व्हिस हवी जी विचारल्यावर ‘न चढवलेल्या ऑर्डरी’ वरच्या तुकड्यासारख्या एक्सएमएलमध्ये देते. पायथॉनच्या फ्लास्क या वेब-लायब्ररीत ती एका पानात लिहून होते. एचटीटीपीएस आणि एक गुप्त टोकन, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, एवढी राखण ठेव. ही तुझी स्वतःची पहिली वेब सर्व्हिस. साइट बनवणाऱ्या मुलाला सोबत घे, पण साचा तू ठरव, कारण हिशेब तुला कळतो. दुकानातल्या संगणकावर तुझी दुसरी स्क्रिप्ट दर पाच-दहा मिनिटांनी तिला विचारेल, आलेल्या ऑर्डरींचं टॅलीच्या भाषेतलं व्हाउचर करेल, लोकलहोस्टला पोस्ट करेल आणि ‘क्रिएटेड’ आलं की वेबसाइटला कळवेल. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, संगणक बंद पडला, तरी ऑर्डरी तिकडे थांबून राहतात.

आता विचार कर: व्हाउचर झालं, आणि वेबसाइटला कळवायच्या आतच नेट गेलं. पाच मिनिटांनी तीच ऑर्डर पुन्हा येणार, तेच व्हाउचर पुन्हा होणार. वर्ध्याच्या पार्टीकडे ४२०० च्या जागी ८४०० निघाले तर फोन तुलाच येईल. म्हणून दुकानातल्या संगणकावर एस्क्यूलाइट या एका फायलीतल्या डेटाबेसची छोटी नोंदवही ठेव: ऑर्डर क्रमांक, कधी पाठवली, टॅली काय म्हणाली. व्हाउचरच्या संदर्भ क्रमांकातही ऑर्डर नंबर घाल. पाठवण्याआधी नोंदवही बघायची. तिथे ‘पाठवली, उत्तर आलं नाही’ असं दिसलं तर आपोआप पुन्हा पाठवायचं नाही, टॅलीत संदर्भ क्रमांक शोधून बघायचं. माझ्या मते वेब सर्व्हिस शिकणं म्हणजे मुख्यतः हेच शिकणं, उत्तर आलं नाही तर काय समजायचं.

सोप आणि डब्ल्यूएसडीएल या कामाला लागत नाहीत. टॅली साधं एक्सएमएल साध्या एचटीटीपीवर घेते. पण मावसभाऊ ज्याला हसतो ते विमा कंपन्यांत, बँकांत, विमान-तिकिटांच्या यंत्रणांत अजून चालू आहे, आणि जुन्या यंत्रणा सांभाळायला माणसं लागतात. सोप १.१ चा मसुदा २००० चा, डब्ल्यूएसडीएल १.१ चा २००१ चा. त्याच २००० साली रॉय फील्डिंगचा रेस्ट या वेगळ्या, साध्या पद्धतीवरचा प्रबंध आला आणि पुढे नवी कामं तिकडे वळली. टॅलीचं काम उरकल्यावर दोन-तीन रविवार सोपला दे. एन्व्हलप, हेडर, बॉडी ही तुझी ओळखीची मंडळी, त्यात चूक कळवण्यासाठी फॉल्ट नावाचा ठरलेला टॅग वाढतो. डब्ल्यूएसडीएल म्हणजे सर्व्हिस काय काय करते, कुठला मजकूर घेते, कुठला देते आणि कुठल्या पत्त्यावर भेटते याची यंत्राला वाचता येणारी यादी. वरून वाचायला घेतलीस तर पहिल्या पानभर प्रकारांच्या व्याख्या येतात आणि माणूस झोपतो. शेवटून वाच. तळाशी सर्व्हिस आणि तिचा पत्ता, त्याच्या वर बाइंडिंग, म्हणजे संदेश कसे पाठवायचे ते, मग कुठली कामं करता येतात ते, मग संदेश, आणि सगळ्यात वर स्कीमा. पायथॉनमध्ये झीप ही लायब्ररी डब्ल्यूएसडीएल दिली की तिच्यातली कामं फंक्शनसारखी हाताशी देते. तरी ती तारेवर काय पाठवतेय ते एकदा सोपयूआय या तपासणीच्या टूलमध्ये उघडून बघच.

एक धोक्याचं. बाहेरच्या कुणाचं एक्सएमएल घ्यायची वेळ आली, समजा पुरवठादाराने फाइल पाठवली, तर ती उघडायला पायथॉनची डिफ्यूज्डएक्सएमएल ही सुरक्षित लायब्ररी वापर. एक्सएमएलमध्ये संक्षेप ठरवायची सोय आहे, आणि संक्षेपात संक्षेप गुंफून एक किलोबाइटहून लहान फाइल उलगडताना एक अब्ज तुकड्यांची करता येते. संगणक गुदमरतो. दुसऱ्या प्रकारात फाइल तुझ्याच संगणकावरची दुसरी फाइल वाचून बाहेर पाठवायला लावते. तुमच्या स्वतःच्या वेबसाइटच्या फायलींना ही भीती कमी, पण सवय पहिल्यापासून असू दे.

जावा की पायथॉन? दुकानाचं काम पायथॉननेच कर, येतंय ते टाकून नवी भाषा कशाला. पुढे मिहान किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी बघायची असेल, आणि बँक-विम्याच्या प्रोजेक्टवर जायचं असेल, तर जावा शीक. तिथल्या जुन्या सोप सर्व्हिसेस बऱ्याच जावात आहेत. फक्त एक लक्षात ठेव, जावातली सोपची सोय, जॅक्स-डब्ल्यूएस, पूर्वी भाषेसोबतच यायची. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ती काढून टाकली. आता ती वेगळी जोडावी लागते आणि पॅकेजांची नावंही बदललीत. यूट्यूबवरचे जुने धडे जावा ८ चे असतात, तुझ्या संगणकावर पहिल्याच आदेशाला ‘सापडत नाही’ येतं आणि वाटतं आपल्यालाच जमत नाही. क्लासवाल्याकडे जायचंच असेल तर फी भरण्याआधी दोन गोष्टी विचार: शिकवताना कुठलं जावा वापरता, आणि पोरांना कच्चा संदेश उघडून दाखवता का? दुसऱ्या प्रश्नाला तो ‘त्याची गरजच पडत नाही’ म्हणाला, तर ४५ हजार बँकेत राहू दे.

राहिले भैयाजी. ‘पगार वाढवतो’ हे काम झाल्यावर विरघळतं, इतवारीत सहा महिने काढलेल्या कुणालाही विचार. काम सुरू करण्याआधीच किती आणि कुठल्या महिन्यापासून हे बोलून घे, आणि व्हॉट्सॲपवर त्यांच्याकडून एक ‘हो’ घेऊन ठेव. स्क्रिप्ट बिघडली तर रविवारी कोण बघणार, हेही तेव्हाच. आणि पहिला महिनाभर प्रिंट काढणं बंद करू नको: स्क्रिप्टने चढवलेलं प्रत्येक व्हाउचर त्या प्रिंटशी जुळवून बघ, खऱ्या कंपनीत आधी फक्त वर्ध्या-भंडाऱ्याच्या पार्ट्या घे, आणि आयजीएसटीच्या ओळी सीएंनी एकदा नजरेखालून घातल्या की मग छिंदवाडा.